नवजात शिशूचे स्तनपान आणि 'दूध पुरत नाही' ही तक्रार : कारणमीमांसा व आधारव्यवस्था

सारांश

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत 'अंगावरचे दूध पुरत नाही' ही तक्रार अनेक स्तनदा माता करतात. या तक्रारीमुळे वरचे दूध सुरू होते आणि निव्वळ स्तनपान खंडित होते. प्रस्तुत लेखात स्तन्यनिर्मितीची शरीरक्रिया, पहिल्या आठवड्यात घडणाऱ्या चुका, दूध पुरते की नाही हे ओळखण्याची विश्वसनीय लक्षणे, खऱ्या कमतरतेची वैद्यकीय कारणे, परंपरागत उपायांचे मूल्य आणि कायदेशीर तरतुदी यांचा परामर्श घेतला आहे. बहुसंख्य मातांच्या बाबतीत ही कमतरता शरीराने आणलेली नसते. प्रसूतीनंतरच्या व्यवस्थेतून ती निर्माण होते. म्हणून तिचा दोष मातेवर टाकणे अशास्त्रीय आहे, अशी मांडणी येथे केली आहे.

बीजसंज्ञा : स्तनपान, स्तन्यनिर्मिती, पान्हा, चीक, निव्वळ स्तनपान, स्तनदा माता, मातृत्व रजा.

१. प्रस्तावना

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची वार्ता घरी पोहोचते न पोहोचते तोच दुसरा प्रश्न विचारला जातो, 'दूध येते ना पुरेसे?' विचारणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. परंतु नुकतीच प्रसूत झालेली, थकलेली, टाक्यांच्या वेदनेने त्रस्त असलेली स्त्री या प्रश्नाकडे परीक्षा म्हणून पाहू लागते. बाळ रडले की सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळतात. 'हिला दूधच नाही' हा निर्णय बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिला जातो आणि दुधाच्या पावडरीचा डबा घरात येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाची, म्हणजे पाणीही न देता केवळ मातेच्या दुधाची, शिफारस केली आहे. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपानावर असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के झाले. ही वाढ समाधानकारक आहे. मात्र जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर घेतलेल्या बालकांचे प्रमाण याच काळात ४१.६ टक्क्यांवरून जेमतेम ४१.८ टक्क्यांवर गेले. विशेष म्हणजे याच कालावधीत संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्के झाले. म्हणजे प्रसूती रुग्णालयात होऊ लागली, परंतु पहिल्या तासाचे स्तनपान त्या प्रमाणात वाढले नाही. या विसंगतीचा 'दूध पुरत नाही' या तक्रारीशी निकटचा संबंध आहे.

हा विषय केवळ वैद्यक किंवा गृहविज्ञान यांचा नाही. त्यात शरीरशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा हे सारेच येतात. शिवाय महाविद्यालयांतून शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या अनेक स्त्रिया या प्रश्नातून प्रत्यक्ष जात असतात. म्हणून बहुविद्याशाखीय वाचकांसमोर तो मांडणे उचित वाटते.

२. 'पान्हा' : शब्द आणि शरीरक्रिया

मराठी भाषेने या विषयातील एक महत्त्वाचा भेद फार पूर्वीच नोंदवला आहे. दूध 'असणे' वेगळे आणि पान्हा 'फुटणे' वेगळे. वासराला दूर बांधले, दोहणारा हात परका असला, तर गाय 'पान्हा चोरते' असे शेतकरी म्हणतो. कासेत दूध असते, पण ते उतरत नाही. स्त्रीच्या शरीरातही नेमक्या याच दोन क्रिया दोन स्वतंत्र संप्रेरकांमार्फत चालतात.

पहिले संप्रेरक प्रोलॅक्टिन होय. बाळ चोखू लागले की मेंदूतील पियुषिका ग्रंथीतून ते स्रवते आणि स्तनातील दुग्धपेशींना दूध तयार करण्याची चालना देते. रात्रीच्या वेळी त्याची पातळी अधिक असते; म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. दुसरे संप्रेरक ऑक्सिटोसिन होय. त्याच्या प्रभावाने दुग्धकोषांभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि तयार दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते. हाच पान्हा. बाळाचा स्पर्श, गंध, एवढेच काय त्याचे रडणे कानी पडले तरी पान्हा फुटू शकतो. उलट तीव्र वेदना, भीती, संकोच किंवा अपमान यांनी तो काही काळ अडतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात क्रोध, शोक आणि अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे सांगितली आहेत. मनाचा दुधाशी संबंध असल्याचे हे प्राचीन निरीक्षण मोलाचे आहे. परंतु आजच्या शरीरशास्त्रानुसार ताणामुळे प्रामुख्याने पान्हा लांबतो, दूध नष्ट होत नाही. आणि त्या ताणाचा अर्थ 'आईला माया नाही' असा तर मुळीच होत नाही.

तिसरी क्रिया स्तनाच्या पातळीवर घडते. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. तो रिकामा झाला की वेग वाढतो. थोडक्यात, जेवढे दूध बाहेर जाईल तेवढे नवे तयार होईल. घागरीत साठवून ठेवलेल्या पाण्यासारखे हे दूध नाही, उपसल्यावर पुन्हा भरणाऱ्या झऱ्यासारखे आहे. 'दिवसभर पाजले नाही म्हणजे संध्याकाळी भरपूर साठेल' हा समज म्हणूनच घातक ठरतो.

३. पहिल्या आठवड्याचे गणित

प्रसूतीनंतर वार पडली की गर्भावस्थेतील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते आणि त्यानंतरच विपुल दूधनिर्मिती सुरू होते. या स्थित्यंतरास साधारणपणे दोन ते तीन दिवस लागतात. तोपर्यंत येतो तो चीक. तो दाट, पिवळसर आणि प्रमाणाने अत्यल्प असतो. पहिल्या चोवीस तासांत तो केवळ काही चमचे भरतो. पण नवजात बाळाची गरजही तेवढीच असते. शिवाय त्यात रोगप्रतिकारक घटकांचे प्रमाण मोठे असते. पाचव्या दिवसाच्या सुमारास दुधाचे दैनिक प्रमाण अर्ध्या लिटरच्या आसपास पोहोचते आणि महिनाभरात ते साधारण ७५० मिलिलिटरपर्यंत जाते.

या काळात बाळाचे वजन थोडे घटणे स्वाभाविक असते. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंतची घट सामान्यतः चिंताजनक मानली जात नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यास वैद्यकीय तपासणी अत्यावश्यक ठरते. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळे जन्मवजन पुन्हा गाठतात.

आता कौटुंबिक व्यवहार पाहू. दुसऱ्या दिवशी चिकाचे चार थेंब दिसतात, बाळ रडते आणि 'अजून दूध उतरलेले नाही' म्हणून वरचे दूध, साखरपाणी, मध किंवा गुटी दिली जाते. येथूनच दुष्टचक्र सुरू होते. पोट भरलेले बाळ कमी चोखते. कमी चोखल्याने स्तन रिकामा होत नाही. स्तन रिकामा न झाल्याने निर्मिती मंदावते. आठवड्याच्या अखेरीस दूध खरोखरच कमी पडते आणि 'आम्ही म्हणत होतोच' हे वाक्य ऐकू येते. जे भाकीत म्हणून केले गेले, तेच उपचार म्हणून दिले गेले आणि परिणाम म्हणून सिद्ध झाले. मध चाटवण्यात याखेरीज आणखी एक धोका आहे : त्यातील विशिष्ट जिवाणूंमुळे तान्ह्या बाळास बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सिझेरियन प्रसूतीत हा धोका वाढतो. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणांत सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण १७.२ टक्क्यांवरून २१.५ टक्क्यांवर गेलेले दिसते. भूल, वेदना, बाळाला वेगळ्या कक्षात ठेवणे आणि कुशीवर वळण्यासही मदत न मिळणे यामुळे पहिले पाजणे लांबते. शस्त्रक्रियेमुळे दूध 'आटत' नाही, परंतु त्याला उशीर होऊ शकतो. अशा मातेस पहिल्या तासातच बाळाशी त्वचास्पर्श आणि बाळास धरून ठेवणारा एक मदतीचा हात मिळाला, तर बराच फरक पडतो.

४. फसवी लक्षणे आणि विश्वसनीय लक्षणे

दूध पुरत नाही हा निष्कर्ष ज्या खुणांवरून काढला जातो त्या बऱ्याचदा फसव्या असतात. बाळाचे रडणे ही भुकेची उशिरा दिसणारी खूण आहे, आणि भुकेखेरीज इतर कारणांनीही ते रडते. दर दोन तासांनी पाजावे लागणे ही कमतरता नव्हे; चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हेच नवजात बाळाचे सामान्य मान आहे. संध्याकाळी बाळ सलग तासभर अंगावर राहते, काही आठवड्यांनी स्तन पूर्वीसारखे घट्ट लागत नाहीत, पिळून पाहिल्यास थोडेच दूध निघते, दूध पातळ दिसते. यांपैकी एकही खूण कमतरता सिद्ध करत नाही. मातेच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हणूनच विदर्भातील वैशाखातही सहा महिन्यांखालील बाळास वेगळे पाणी लागत नाही.

विश्वसनीय लक्षणे तीन आहेत. पहिले लक्षण लघवीचे. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची लघवी व्हावी. दुसरे लक्षण शीचे. पहिल्या दिवसांतील काळपट-हिरवी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. तिसरे आणि सर्वांत निर्णायक लक्षण वजनाचे. पहिल्या आठवड्यानंतर दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. याशिवाय पाजताना बाळाच्या गिळण्याचा आवाज ऐकू येणे, ही घरच्या घरी तपासता येणारी चांगली खूण होय.

याच लक्षणांची उलट बाजूही तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. बाळ सतत झोपाळू राहून पाजण्यासाठी उठत नसेल, लघवी अगदी कमी होत असेल, चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, कावीळ वाढत असेल किंवा वजन उतरतच असेल, तर विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे जावे. दूध खरोखर कमी मिळाल्यास बाळाच्या शरीरातील पाणी घटून रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. 'आईचे दूधच श्रेष्ठ' या घोषवाक्याच्या आग्रहापायी उपाशी बाळाकडे दुर्लक्ष होणे हेही तितकेच चूक आहे.

५. खरी कमतरता

काही मातांमध्ये दूध खरोखरच कमी असते. अशा मातांची संख्या तक्रार करणाऱ्यांच्या तुलनेत बरीच कमी असली, तरी त्यांचे दुःख खरे असते. स्तनातील ग्रंथीमय ऊतीची पुरेशी वाढ न होणे, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, थायरॉइड ग्रंथीचे विकार, मधुमेह, अंडाशयातील बहुगाठींचा विकार, गर्भाशयात वारेचा अंश राहून जाणे ही त्याची प्रमुख कारणे होत. प्रसूतीसमयी अतिरक्तस्राव झाल्यास क्वचित पियुषिका ग्रंथीलाच इजा पोहोचू शकते, या अवस्थेस शीहानचे सिंड्रोम म्हणतात. अशा मातेस दूध अजिबात न येणे हे कधीकधी त्या आजाराचे पहिले लक्षण असते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होऊ शकते. काही वेळा अडचण बाळाच्या बाजूची असते. मुदतपूर्व जन्म, जिभेखालचा पडदा आखूड असणे, टाळू दुभंगलेली असणे यांमुळे बाळ परिणामकारकपणे चोखू शकत नाही.

यांपैकी अनेक कारणांवर उपचार उपलब्ध आहेत. म्हणूनच 'दूध नाही' हे वाक्य निकाल म्हणून न उच्चारता लक्षण म्हणून नोंदवले जावे आणि मातेची तपासणी व्हावी. पूर्ण दूध आले नाही तरी जेवढे येते तेवढे पाजणे लाभदायकच असते. स्तनपान हा 'सारे किंवा काहीच नाही' असा व्यवहार नाही.

६. उपाय : परंपरा आणि विज्ञान

महाराष्ट्रातील बाळंतिणीच्या आहारात अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खसखस, बाळंतशेपा आणि शतावरी यांना मानाचे स्थान आहे. हे पदार्थ दूध वाढवतात याविषयीचा शास्त्रीय पुरावा मर्यादित आहे. तरीही त्यांचे मूल्य नाकारता येत नाही. स्तनदा मातेस पहिल्या सहा महिन्यांत दररोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते आणि लोह, कॅल्शियम व स्निग्धांश देणारे हे पदार्थ ती गरज भागवण्यास हातभार लावतात. तथापि खरे बळ त्या प्रथेमागील व्यवस्थेत होते असे म्हणता येईल. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे, घरकामातून सुटका, बाळासह एकाच खोलीतील मुक्काम आणि जवळ अनुभवी स्त्री. सवा महिना मिळणाऱ्या या सवडीमुळे बाळ मागेल तेव्हा पाजता येई. आज लाडू कुरिअरने येतात. सवड येत नाही. परंपरेचा स्वाद आपण राखला, पण तिचा गाभा हातातून निसटत चालला आहे. अर्थात त्याच परंपरेतील चीक पिळून टाकणे, बाळंतिणीला पाणी कमी देणे, आहारावर कठोर पथ्ये लादणे यांसारख्या चाली त्याज्यच होत.

शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे : बाळाची पकड सुधारणे आणि पाजण्याची वारंवारता वाढवणे. बाळाने केवळ स्तनाग्र न धरता त्याभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा हिस्सा तोंडात घेतला पाहिजे. त्याचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पाजताना सतत वेदना होत असतील तर पकड चुकलेली आहे असे समजावे. पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने उरलेले दूध काढल्यास निर्मितीस अधिक चालना मिळते. दूध वाढवणारी औषधे केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत; स्तन रिकामा होत नसेल तर त्यांचाही उपयोग मर्यादितच राहतो.

वरचे दूध देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरल्यास पहिली पसंती मातेच्याच काढलेल्या दुधाला, दुसरी दुग्धपेढीतील निर्जंतुक केलेल्या मानवी दुधाला आणि तिसरी पावडरीच्या दुधाला द्यावी. ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने पाजावे. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ही महाराष्ट्रास भूषणावह बाब आहे. जी बाळे आईच्या दुधास वंचित राहतात, विशेषतः अल्पवजनाची व मुदतपूर्व जन्मलेली, त्यांच्यासाठी या पेढ्या जीवनदायी ठरतात.

७. कायदा, कार्यस्थळ आणि महाविद्यालय

दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये स्वीकारली गेली. भारताने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या दूधपर्यायांची व बाटल्यांची जाहिरात करणे आणि मोफत नमुने वाटणे यांस बंदी आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'माँ' हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रमही सुरू केला.

कार्यस्थळाच्या दृष्टीने १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. तिने पहिल्या दोन अपत्यांसाठीची सवेतन रजा १२ वरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तरतूद बंधनकारक केली. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन विरामांचा हक्क मूळ अधिनियमातच होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम राखण्यात आल्या आहेत. २६ आठवड्यांची रजा आणि सहा महिन्यांचे निव्वळ स्तनपान यांचा मेळ येथे बसतो.

मात्र हा मेळ सर्वांसाठी बसत नाही. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत ही रजा पोहोचत नाही. आपल्या अधिक जवळचे उदाहरण तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या सहकारी भगिनींचे आहे. ज्यांचे मानधन घेतलेल्या तासिकांवर अवलंबून असते, त्यांच्यासाठी घरी राहणे म्हणजे उत्पन्न थांबणे. अशी अध्यापिका दीड-दोन महिन्यांत वर्गावर परतते, सलग चार-पाच तास बाळापासून दूर राहते, दूध काढून ठेवण्यास जागा नसल्याने स्तन भरलेलेच राहतात आणि दुसऱ्या कलमात सांगितलेल्या नियमाप्रमाणे दूध कमी होत जाते. मग तिलाही सांगितले जाते की, 'तुला दूध कमीच आहे.' वास्तविक कमतरता तिच्या शरीरात नसते, वेळापत्रकात असते.

यावर महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. आतून कडी असलेली एक स्वच्छ खोली, एक खुर्ची, हात धुण्याची सोय आणि एक लहान शीतकपाट एवढ्यावर दूध काढून ठेवता येते. काढलेले दूध सामान्य तापमानास सुमारे चार तास आणि शीतकपाटात चोवीस तास सुरक्षित राहते. स्तनदा अध्यापिकेच्या तासिका सलग न ठेवता मध्ये विराम राखणे, हे वेळापत्रक समितीच्या अखत्यारीतील काम आहे. विवाहित विद्यार्थिनी प्रसूतीनंतर परीक्षेस बसतात, तेव्हा बाळास पाजण्यासाठी जागा देणे हेही याच जबाबदारीत येते.

राज्यातील अनेक एस.टी. बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' आहेत. रायगडाचे दरवाजे मिटल्यावर घरच्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची ही आख्यायिका प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. आपण तिच्या धैर्याचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक मातेकडून कडा उतरण्याची अपेक्षा ठेवणे ही व्यवस्था नव्हे. दरवाजा वेळेवर उघडा ठेवणे ही व्यवस्था होय.

८. निष्कर्ष

(१) 'दूध पुरत नाही' ही तक्रार बहुतांशी पहिल्या आठवड्यातील विलंब, विलगीकरण, चुकीची पकड आणि अनावश्यक वरचे दूध यांतून उद्भवते. (२) दुधाची पर्याप्तता रडण्यावरून ठरवता येत नाही. लघवी, शी आणि वजन यांवरून ती ठरवावी. (३) अल्पसंख्य मातांमधील खरी कमतरता वैद्यकीय असते. तिचे वेळीच निदान व्हावे आणि बाळास निःसंकोचपणे पूरक दूध मिळावे. (४) परंपरागत आहार उपयुक्त असला, तरी विश्रांती, सोबत आणि सवड यांची जागा तो घेऊ शकत नाही. (५) कायदेशीर तरतुदी अस्थायी व असंघटित स्त्रियांपर्यंत नेणे आणि कार्यस्थळी साध्या सोयी करणे ही सामूहिक जबाबदारी आहे.

बाळंतिणीस भेटावयास जाताना 'दूध पुरेसे येते ना?' असे विचारण्याऐवजी 'तुला काय मदत हवी?' असे विचारण्याची सवय सुशिक्षित समाजाने लावून घेतली, तरी या दिशेने पहिले पाऊल पडेल.